‘तू प्यायलीसच कशाला?’

मागच्या महिन्यात उल्हासनगरला झालेल्या आपल्या बैठकीत एक ठराव एकमताने मंजूर झाला, असं इतिवृत्तात लिहिलं आहे. ते खरं नाही. एक मत विरोधात होतं आणि ते माझं होतं. इतिवृत्त लिहिणाऱ्या मैत्रिणीवर माझा राग नाही. दारूविरोधी ठरावाला आपल्यातलीच एखादी विरोध करेल असं तिच्या मनातही आलं नसावं. तिला वाटलं, मी चहाचं विचारायला हात वर केला. पण हात मी विरोधासाठीच वर केला होता, आणि का केला होता ते सांगायला त्या दिवशी पाच मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत. म्हणून हे लिहिते आहे.

ठराव असा आहे: उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या कॉलेजांमध्ये डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात व्यसनविरोधी सप्ताह करायचा, पथनाट्य करायचं आणि मुलामुलींकडून शपथपत्रं भरून घ्यायची. ‘मी आयुष्यात कधीही मद्याला स्पर्श करणार नाही.’ खाली नाव, वर्ग, सही. दोन हजार प्रती छापूनही झाल्या आहेत.

माझा विरोध या शपथेला आहे. सप्ताहाला नाही, पथनाट्यालाही नाही. आणि गैरसमज नकोत म्हणून आधीच सांगते, मी दारूची वकिली करायला बसलेली नाही. १९७२ साली शहाद्याच्या भिल्ल बायांनी गावोगाव दारूची मडकी फोडली, त्या गोष्टी ऐकत ऐकतच माझ्यासारख्या कितीतरी जणी चळवळीत आल्या. कॅम्प चारच्या झोपडपट्टीत हातभट्टीच्या पिशव्या फोडताना माझ्याही हाताला तो वास दोन-दोन दिवस राहिलेला आहे. २००८ च्या आदेशाने आडव्या बाटलीचा हक्क मिळाला तेव्हा मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरणाऱ्यांत मी होते. त्या नियमातली मेख आपल्याला चांगली ठाऊक आहे. मतदानाला आलेल्या बायांची निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. मेलेल्या, लग्न होऊन गेलेल्या, खोली सोडून गेलेल्या बायासुद्धा त्या यादीत उभ्या बाटलीच्या बाजूनेच उभ्या असतात. चंद्रपूरच्या बायांनी एवढा मोठा लढा देऊन २०१५ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आणली, ती २०२१ मध्ये सरकारने उठवली. हे सगळं मला माहीत आहे. २००४ च्या अखेरीस विक्रोळीत ऐंशीहून जास्त आणि २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभरावर माणसं विषारी दारूने गेली, तेव्हा मागे राहिलेल्या बायांची नावं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत, हेही माहीत आहे.

तरीही शपथेला माझा विरोध आहे. कारण सांगायचं तर मला स्वतःच्या एका चुकीची गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर बैठकीत कधी सांगितलेली नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटेल असं जे जे होतं ते मी बदललं आहे आणि ती मुलगी आता या भागात राहतही नाही. (तरीही ‘कोण बरं असेल?’ याचा अंदाज बांधायला काही जणी एव्हाना लागल्याच असतील. कृपा करा, थांबा.) शनिवारची दुपार होती, सल्लाकेंद्रात मी एकटीच होते. एक मुलगी आली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत अर्धा तास बसली, मग बोलली. बदलापूरच्या पलीकडे कुणाच्या तरी फार्म हाउसवर वर्गातल्या मित्राचा वाढदिवस होता. प्रत्येकी तीनशे रुपये काढले होते. मुली चार, मुलगे सात. घरी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असं सांगितलेलं. बिअर होती. ‘ही हलकी असते, काही होत नाही,’ असं म्हणून तिला दिली. कडू लागली म्हणून तिने ती घाईघाईने संपवली. नंतर दुसरी बाटली, कोल्ड्रिंकमध्ये काहीतरी. मग तिला नीट आठवत नाही. आठवत होतं ते एवढंच की खोलीत अंधार होता आणि ती ‘नको’ म्हणत होती, पण आवाज बाहेर येत नव्हता. पहाटे जाग आली तेव्हा अंगावरचे कपडे तिचे तिने घातलेले नव्हते.

अकरा दिवस तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्याकडे का आली, तर तिची आई आपल्या बचत गटात होती आणि ताई चांगल्या आहेत असं घरी म्हणायची. तिने पहिलं वाक्य म्हटलं ते असं, “ताई, आईला सांगू नका. ती तुमच्या दारूच्या मोर्च्यात असते.”

आणि मी, वीस वर्षं कार्यकर्त्यांची शिबिरं घेणारी, पीडितेशी कसं बोलावं यावर तक्ते तयार करणारी मी, तिला म्हणाले, “अगं, पण तू प्यायलीसच कशाला?”

आवाज चढवला नव्हता. काळजीनेच बोलले असेन. पण तिने ओढणी बोटावरून सोडवली, “बरोबर आहे,” म्हणाली आणि उठली. मी मागून हाका मारल्या. ती परत आली नाही. तक्रार झाली नाही, तपासणी झाली नाही. ज्याने हे केलं त्याने त्याच वर्षी पदवी घेतली असणार.

मला कायदा माहीत नव्हता अशातला भाग नाही. शुद्ध नसताना, नशेमुळे काय चाललं आहे ते कळण्याच्या स्थितीत नसताना बाईने दिलेली संमती ही संमतीच नव्हे, हे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या ३७५ व्या कलमात स्पष्ट लिहिलेलं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमातही ते आहे. दारू तिने स्वतःच्या हाताने प्यायली की कुणी पाजली, याने त्यात काही फरक पडत नाही. म्हणजे तिची नशा ही कायद्याच्या लेखी आरोपीविरुद्ध जाणारी गोष्ट. आपल्या लेखी मात्र ती तिच्याच विरुद्ध जाते. कायदा पुस्तकात पुढे गेला आणि माझ्या जिभेवर माझी आजी बसलेली होती.

हे एकट्या माझं नाही. २००९ साली मंगळूरच्या पबमध्ये घुसून मुलींना मारलं, तेव्हा मारणारे संस्कृतीचे रक्षक ठरले. २०१२ साली कोलकात्यात पार्क स्ट्रीटवर बलात्कार झाला आणि ती बाई नाइट क्लबमधून निघाली होती एवढ्यावरून राज्यकर्त्यांपासून सगळ्यांनी तिला खोटं ठरवलं. सुझेट जॉर्डनने स्वतःचं नाव आणि चेहरा जाहीर करून त्यांना उत्तर दिलं. आपल्याच गावाचं बोलू. १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेच्या वर्गात रिंकू पाटीलला जाळलं, तेव्हा मोर्च्यात चालताना कडेला उभी असलेली माणसं ‘मुलीचंही काहीतरी असेल’ असं कुजबुजत होती. ते मी या कानांनी ऐकलं आहे. २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर रुळांवर उतरलं, कित्येक तास गाड्या बंद राहिल्या. दोन चिमुरड्या मुलींवर शाळेत अत्याचार झाला होता. त्यांना ‘तू तिथे गेलीसच का’ असं विचारण्याची सोय नव्हती. मी त्या गर्दीकडे पाहत होते आणि माझ्या मनात ती ओढणीवाली मुलगी येत होती. ती एकोणीस वर्षांची होती आणि तिने बिअर प्यायली होती. तिच्यासाठी रुळावर किती माणसं उतरली असती?

आता शपथेकडे येते. समजा, अशीच एखादी मुलगी आपल्या सप्ताहात शपथपत्रावर सही करते. सगळा वर्ग करतोय, ती कशी नाही म्हणणार? आणि चार दिवसांनी ३१ डिसेंबरला ती अशाच एखाद्या ठिकाणी असते. काही विपरीत घडलं तर ती आपल्याकडे येईल? जिच्या हातात आपण तिच्याच सहीचा कागद ठेवला आहे तिच्याकडे? त्या मुलीला घरी, कॉलेजात, पोलीस ठाण्यात तोंड उघडणं आधीच अवघड आहे. आपण शपथ घेऊन चौथं दारही लावून घेतो.

बैठकीत एकजण म्हणाली, ‘आपल्या भागातल्या मुली पीत नाहीत गं, हे दक्षिण मुंबईचे चोचले.’ मुली फार पीत नाहीत हे खरं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात पंधरा वर्षांवरच्या बायांपैकी पिणाऱ्या १.३ टक्के निघाल्या, आणि पुरुष १८.८ टक्के. घरी येऊन विचारणाऱ्याला खरं किती जणी सांगतील हा प्रश्न वेगळा. पण मुलगे पितात ना? आणि ते पितात तिथे मुली असतात. ज्यांना आपण चोचले म्हणतो त्या मुली वांगणीहून, शेलूहून लोकलने लटकत कॉलेजला येतात. कुणाची आई जीन्सच्या कारखान्यात धागे कापते, कुणाचा बाप अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटी आहे. घराण्यात पहिल्यांदा कॉलेजचं तोंड पाहिलेली ही मुलं. बापाची दारू त्यांनी पाहिलेली असते, मारही पाहिलेला असतो. पण मित्रांबरोबर बसून पिणं ही त्यांना वेगळीच, मोठ्या जगातली गोष्ट वाटते. त्या जगाबद्दल त्यांना सांगणारं कुणी नाही. आई म्हणते, हात लावशील तर तंगडी तोडीन. कॉलेज म्हणतं, काढून टाकू. आपण म्हणतो, शपथ घे.

आणि मग काय होतं? आपल्या ओळखीतल्या एका घरचा मुलगा पावसाळी सहलीला गेला होता. मित्रांनी पैज लावली, त्याने क्वार्टर एका दमात संपवली. पडला. मित्र घाबरले. दवाखान्यात नेलं तर पोलीस येतील, घरी कळेल, कॉलेजात कळेल. वयही बसत नव्हतं, महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही लागतो. म्हणून त्यांनी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, तोंडात लिंबू पिळलं आणि झोपेल तर उतरेल म्हणून त्याला उताणं निजवलं. रात्री कधीतरी त्याला उलटी झाली. ती बाहेर न पडता श्वासनळीत गेली. सकाळी चहा घेऊन उठवायला गेले तर अंग थंड होतं. त्या मुलांतला एकही वाईट नव्हता. एकजण अजून त्याच्या आईच्या पाया पडायला येतो. ती मला म्हणाली, “ताई, कुशीवर जरी वळवलं असतं ना त्याला.” तिला हे डॉक्टरांनी सांगितलं. मुलांना आधी कुणीच सांगितलं नव्हतं. आपण त्या कॉलेजात त्याच वर्षी पथनाट्य केलं होतं. त्यात दारूडा नवरा बायकोला मारतो आणि शेवटी सगळे मिळून बाटली फोडतात.

तर मला त्या कागदावर शपथेऐवजी काय हवं आहे ते सांगते. हे मी आपल्या डॉक्टर मैत्रिणीकडून दोनदा तपासून घेतलं आहे.

पहिली गोष्ट खोटं न बोलण्याची. दारूचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. न पिणं सगळ्यात सुरक्षित, हे पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरात असावं. ज्याला प्यायची नाही त्याच्यावर जबरदस्ती करणं, पैजा लावणं, नवीन आलेल्यांना पाजणं ही मजा नव्हे, छळ आहे, आणि रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, हेही असावं. पण त्याखाली हिशेब हवा. तीस मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल असतं. ‘हलकी’ म्हणून मुलींच्या हातात दिली जाणारी साडेसहाशे मिलीची स्ट्राँग बिअरची बाटली आठ टक्क्यांची असते. तिच्यात चाळीस ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग. क्वार्टर म्हणजे सहा. यकृत तासाला जेमतेम एक छोटा पेग निपटतं, बऱ्याचदा तेवढाही नाही. म्हणजे रात्री बारापर्यंत क्वार्टर संपवणाऱ्याच्या रक्तात सकाळी सहालाही दारू असते. आणि तो सातच्या सुमारास मोटरसायकलला किक मारून मागे कुणाला तरी बसवतो. कॉफी, लिंबू, ताक, थंड पाण्याची अंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. अंघोळीने बेशुद्ध माणूस गारठतो तेवढा.

बाईचं शरीर ही वेगळी गोष्ट आहे आणि ती लपवण्यात बरोबरीचा काही संबंध नाही. आपल्या शरीरात पाण्याचा अंश कमी, जठरात दारू मोडणारा स्रावही कमी. तेवढंच वजन असलेल्या पुरुषाएवढीच प्यायली तरी बाईच्या रक्तात दारू जास्त चढते. ‘मीही तुझ्याएवढी पिऊ शकते’ ही स्पर्धा म्हणजे समता नव्हे, हे मुलींना सांगायला आपणच हव्यात. दुसऱ्या कुणी सांगितलं तर ते ‘मुलींनी घरात बसावं’ याच सुरात सांगेल. उपाशीपोटी दारू फार वेगाने चढते. झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीच्या, सर्दीच्या काही गोळ्या यांच्याबरोबर तिचा परिणाम दुप्पट-तिप्पट होतो. फुटलेल्या सीलची, पिशवीतली, कुणी ‘घरची’ म्हणून आणलेली दारू तर नकोच. मिथेनॉल वासाने, चवीने ओळखता येत नाही आणि त्याची लक्षणं कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतात. पोटात कळा, धूसर दिसणं, धाप. तेव्हा ताबडतोब रुग्णालय, कारण उपचार आहेत पण वेळेत मिळाले तर.

आणि कोंडेश्वर. बारवीच्या काठची ठिकाणं. तिथे तरुण मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण पावसाळ्यामागून पावसाळे वाचतो आणि पान उलटतो. प्यायल्यावर पाण्यात उतरायचं नाही, एवढं एक वाक्य त्या कागदावर लाल अक्षरात छापायला किती खर्च येतो?

सगळ्यात महत्त्वाचं, पडलेल्या माणसाचं काय करायचं. हलवून, हाका मारून जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठापेक्षा कमी चालत असेल किंवा मध्येच थांबत असेल, ओठ-नखं निळी पडली असतील, अंग गार पडलं असेल, झटके येत असतील तर ‘उतरेल’ म्हणून वाट पाहायची नाही. पोटातली दारू अजून रक्तात जात असते, पिणं थांबल्यावरही नशा वाढत राहते. १०८ ला फोन. रुग्णवाहिका फुकट येते. येईपर्यंत कुशीवर निजवायचं, वरचा पाय गुडघ्यात मुडपून पुढे, तोंड जमिनीकडे कललेलं. जवळून कुणी हलायचं नाही. उलटी काढायला घशात बोटं घालायची नाहीत, तोंडात काहीही ओतायचं नाही.

मुलींसाठी म्हणून जे सांगायचं ते मुलींनाच सांगायचं की नाही, यावर आपण एकदा बसून बोललं पाहिजे. ‘ग्लास नजरेआड करू नकोस, एकटी जाऊ नकोस, परतीची सोय आधी बघ, शुद्धीत राहणारी एक मैत्रीण ठरव’, हे सगळं मी सांगणारच. फार्म हाउसवरून बदलापूर स्टेशनपर्यंतचा अंधारा रस्ता आणि रात्री तोंडाला येईल ते भाडं सांगणारी रिक्षा मी पाहिली आहे. पण हे सांगताना मला दरवेळी अस्वस्थ वाटतं. सगळी राखण पुन्हा मुलीनेच करायची. म्हणून कागदाचा अर्धा भाग मुलांसाठी हवा. ‘तिने नाही म्हटलं नाही’ याचा अर्थ ‘तिने हो म्हटलं’ असा होत नाही. झोपलेली, झोकांड्या जाणारी, शब्द अडखळणारी मुलगी हो म्हणूच शकत नाही. मित्राला तिच्याबरोबर खोलीत जाताना बघून जो पत्ते पिसत बसतो, त्याने काहीच केलं नाही असं नाही. त्या रात्री तिथे सात मुलगे होते. एकाने केलं, आणि सहा?

इथे कुणी म्हणेल, ‘जबाबदारीने प्या’ असं दारूच्या कंपन्याही म्हणतात, मग तुझ्यात आणि त्यांच्यात फरक काय? आहे. सोड्याच्या आणि गाण्यांच्या नावाखाली दारूची जाहिरात करणाऱ्यांनी जबाबदारीवर बोलणं हा शुद्ध कांगावा आहे. त्यांच्या लेखी सगळी जबाबदारी पिणाऱ्याची, विकणाऱ्याची काहीच नाही. वय न विचारता बाटली काउंटरवर ठेवणाऱ्याला विचारा. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाने बारमध्ये दारू पिऊन पोर्शे गाडीखाली दोघांना चिरडलं आणि बाल न्याय मंडळाने त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं. शंभर मिली रक्तात तीस मिलिग्रॅमहून जास्त दारू असताना गाडी चालवली तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असा कायदा आहे, पण मोठ्या घरच्या पोराला निबंध. आणि सरकार? एका हाताने लाडक्या बहिणीला दीड हजार द्यायचे आणि २०२५ च्या जूनमध्ये तिजोरी भरायला दारूवरचा कर वाढवायचा. भावाने जास्त प्यायल्याशिवाय बहिणीचा हप्ता निघायचा नाही, असली ही व्यवस्था. तिच्याशी भांडण चालू ठेवायचंच आहे. दुकानाविरुद्ध मोर्चा नेताना मला तुम्ही पहिल्या रांगेत पाहाल.

पण खरा आक्षेप मावशींचा होता आणि तो मला झोपू देत नाही. कॅम्प चारच्या आपल्या मावशी, ज्यांनी नवऱ्याच्या दारूपायी दोन मुलं आणि एक डोळा गमावला. बैठक संपल्यावर जिन्यात त्या मला म्हणाल्या, “ज्या तोंडानं बाटली आडवी करा म्हणून घोषणा दिल्यास, त्याच तोंडानं आता पोरींना पेग मोजायला शिकवणार का गं?”

मावशी, तुम्हाला जिन्यात उत्तर देता आलं नाही. इथे देते. नव्वदच्या दशकात एड्सचं काम आलं तेव्हा कॉलेजात निरोधचं नाव घ्यायचं की नाही यावर आपल्याच संघटनेत दोन तट पडले होते. नाव घेतलं तर मुलं बिघडतील, असं म्हणणाऱ्यांत तुम्ही होता. मीही होते. मग कामाठीपुऱ्यातून परत आलेल्या, नेवाळीकडच्या त्या दोन बहिणी आपल्यासमोर खंगून गेल्या आणि आपण दोघींनीच कॉलेजच्या सभागृहात उभं राहून तो शब्द उच्चारला. तुमचा आवाज माझ्यापेक्षा खणखणीत होता. तेव्हा आपण मुलांना बिघडवलं का? तुमच्या नवऱ्याला मोजायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी तो मोजत बसला नसता, हे मला कळतं. व्यसन लागलेल्या माणसाला हा कागद उपयोगाचा नाही. त्याला उपचार लागतात, मुक्तांगणसारखी केंद्रं लागतात, आणि त्याच्या बायकोला आपण लागतो. माझा कागद ज्याने अजून पहिला घोट घेतलेला नाही किंवा कालच घेतला आहे त्याच्यासाठी आहे. त्याने तो घेऊच नये, असं मलाही वाटतं. पण घेतला तर त्याने मरू नये, आणि कुणाला मारू नये.

पुढच्या बैठकीत मी दुरुस्ती मांडणार आहे. शपथ रद्द. तिच्या जागी हा कागद. प्रत्येक कॉलेजच्या महिला विकास कक्षाकडे आणि अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी मागणी, की प्यायलेल्या मित्रासाठी किंवा मैत्रिणीसाठी मदत मागवणाऱ्या मुलामुलींवर कॉलेज कारवाई करणार नाही, असं सूचना फलकावर लावा. रुग्णालय तक्रारीची वाट न पाहता पीडितेवर मोफत उपचार करायला बांधील आहे आणि कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते, हे त्यावर असेल. १०८, ११२ आणि १८१ हे नंबर असतील. आणि सल्लाकेंद्रात बसणाऱ्या आपण सगळ्याजणी, माझ्यापासून सुरुवात करून, एक दिवसाचं शिबिर घेऊ. पहिला प्रश्न काय विचारायचा याचं. मी ‘तुला कुठे दुखतंय?’ असा सुचवते. कुणाला याहून बरा सुचला तर घेऊन या.

छापलेली दोन हजार शपथपत्रं माझ्या घरी, पलंगाखाली आहेत. कागद चांगला जाड आहे आणि मागची बाजू कोरी आहे. छापखानेवाल्याला मी विचारून ठेवलं आहे, तो मागून छापून द्यायला तयार आहे. पुढची बाजू काटून टाकायची की तशीच ठेवायची, यावर मतदान घ्या. आणि या वेळी इतिवृत्तात माझा हात मोजा.